अपघात क्लेमच्या वकिलाला किती पैसे द्यायचे? आमचा सांगली कोर्टातला अनुभव, आकड्यांसकट

भावाच्या अपघाताचा क्लेम आम्ही सांगली कोर्टात ज्या वकिलांकडून चालवला त्यांच्या कामाचा हा रिव्ह्यू आहे. आधी आकडाच सांगते, कारण सगळे तेच विचारतात आणि सरळ कोणी सांगत नाही. वकिलांची फी ५५ हजार, वरचा खर्च साधारण २४ हजार, सगळं मिळून ७९ हजार गेले. क्लेम मंजूर झाला १० लाख ३२ हजारांचा, त्यावर अर्ज दाखल केल्या तारखेपासून साडेसात टक्के व्याज, म्हणजे रक्कम गेली सव्वाबारा लाखांच्या आसपास. वकिलांचं नाव टाकत नाही. एकतर बार काउन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे वकिलांना स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि माझ्या लिहिण्यामुळे त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलेलं मला नको आहे, आणि दुसरं म्हणजे नावापेक्षा फी कशी ठरवायची हे कळणं जास्त गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं. यात माणसं किती लुबाडली जातात ते मी या सगळ्या काळात कोर्टाच्या व्हरांड्यात बसून बघितलंय.

थोडक्यात प्रकरण असं. २०२२ च्या जूनमधे पेठ नाक्याच्या अलीकडे राँग साइडने आलेल्या छोट्या टेम्पोने भावाच्या गाडीला उडवलं. भाऊ तेव्हा ३३ वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत त्याचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, ग्रिल, गेट, शेतीची अवजारं असली कामं करतो. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, रॉड टाकला, हॉस्पिटलचं बिल दोन लाख चाळीस हजार. टेम्पोचा इन्शुरन्स चालू होता हे नशीब.

आता मुख्य गोष्ट. ऑपरेशन होऊन भाऊ वॉर्डात आला न आला तोच एक माणूस हजर. वकील नाही, वकिलाचा माणूस. आमच्या हातात एफआयआर पडायच्या आधी त्याच्या हातात तिची झेरॉक्स होती यावरून काय ते समजा. बोलायला एकदम गोड, ताई तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, एक रुपया खर्च नाही, कोर्ट फी आम्ही भरतो, डॉक्टरला आम्ही बघतो, क्लेम आला की पंचवीस टक्के आमचे, नाही आला तर काही नाही. आणि पिशवीतून कागद काढले. कोरं वकीलपत्र, कोरे स्टॅम्प पेपर, सगळीकडे सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवलेल्या, आणि वर म्हणतो दोन कोरे चेक द्या, सिक्युरिटी म्हणून. भावाला सलाईन चालू, वहिनी रडून रडून थकलेली, ती पेन उघडायलाच लागली होती. मी पतसंस्थेत नोकरी करते, कोरा चेक देऊन बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे मला रोज दिसतं, म्हणून मी ते कागद त्याच्या पिशवीत परत घातले आणि भाऊ घरी आल्यावर बघू म्हणून सांगितलं. तो जाता जाता पंचवीसचे वीस करतो म्हणाला. म्हणजे बघा, वॉर्डाच्या दारापर्यंत पाच टक्के कमी झाले!

तेव्हा मला एवढंच खटकलं होतं, नंतर वाचलं आणि विचारलं तेव्हा कळलं की आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा ठरवताच येत नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत विसावा नियम स्पष्ट आहे. आणि हे काही आत्ताचं नाही, १९५४ मधेच सुप्रीम कोर्टाने वसुलीत पन्नास टक्के हिस्सा ठरवणाऱ्या एका वकिलाच्या बाबतीत हे गैरवर्तनच आहे असं सांगितलं होतं. त्याहून आपल्या कामाचा निकाल म्हणजे डिसेंबर २०१७ चा, तेलंगणातल्या केसचा. नवरा १९९८ मधे अपघातात गेलेला, त्या बाईंना नुकसानभरपाई मिळाली, वकिलाने त्यातून दहा लाख घेतले आणि वर आणखी तीन लाखांचा चेक लिहून घेतला, खात्यात पैसे नाहीत असं बाई सांगत असताना. चेक बाउन्स झाला तर वकिलाने बाईंवरच चेक बाउन्सची केस टाकली. सुप्रीम कोर्टाने ती केस रद्द केली आणि क्लेमच्या रकमेवर टक्केवारीने फी मागणं बेकायदेशीर आहे असं सांगितलं. हे वाचताना मला ते पेन्सिलीच्या फुल्यांचे कागद आणि दोन कोरे चेक आठवले आणि अंगावर काटा आला. तेव्हा हॉस्पिटलमधे कोणी चेक मागितला तर तो कशासाठी मागतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

तरी पण सगळीकडे टक्केवारीच चालते, हे खरं आहे. कोर्टात बसलेल्या दहा जणांना विचारा, आठ जण सांगतील आमचं वीस टक्क्यावर ठरलंय, पंचवीसवर ठरलंय. लोकांना ते बरं वाटतं कारण आत्ता खिशातून काही जात नाही, आणि अपघात झालेल्या घरात खरंच पैसे नसतात, हे मी समजू शकते. पण आमचाच हिशोब लावून बघा. सव्वाबारा लाखांचे पंचवीस टक्के म्हणजे तीन लाखांच्या वर. आम्ही दिले ७९ हजार, तेसुद्धा टप्प्याटप्प्याने. मधला फरक सव्वादोन लाखांचा, तो भावाच्या पायाचा पैसा आहे, त्याला आता उंचावर चढून वेल्डिंग करता येत नाही त्याबद्दल मिळालेला. म्हणून मला टक्केवारीवाल्यांचा इतका राग येतो.

नेटवर सर्च केलं की अजून एक घोळ होतो. पर्सनल इंज्युरी लॉयरची फी किती असं टाकलं की सगळी उत्तरं अमेरिकेची येतात, नो विन नो फी, तेहतीस टक्के वगैरे, आणि लोकांना वाटतं इकडे पण हाच रेट आहे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, तिच्याशी बोलले तेव्हा कळलं की तिकडे ते कायदेशीरच आहे, पण त्यालाही लगाम आहे. न्यू जर्सीत कोर्टाच्या नियमानेच पहिल्या साडेसात लाख डॉलरवर जास्तीत जास्त एक तृतीयांश, त्याच्या पुढच्या रकमेला टक्का कमी कमी होत जातो, तेही खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर, आणि करार लेखी लागतो. म्हणजे तिकडची फक्त टक्केवारी इकडे उचलून आणली, लगाम तिकडेच राहिला. इकडे तोंडी ठरतं, पावती नाही, आणि व्याजासकट सगळ्या रकमेवर हिस्सा घेतात.

वकील कसे निवडले ते सांगते. ओळखीतून तीन नावं मिळाली होती. पहिल्यांनी फी विचारल्यावर फीचं सोडा हो आधी काम तर होऊ दे असं म्हटलं, तिथून आम्ही उठलो. दुसरे चांगले होते पण त्यांचं काम मुळात इन्शुरन्स कंपनीच्या पॅनेलवरचं, त्यांनी स्वतःच सांगितलं की ज्या कंपनीविरुद्ध तुमचा क्लेम आहे तिचं काम माझ्याकडे आहे, मला घेता येणार नाही. हा माणूस मला फार आवडला, पैशासाठी गप्प बसला असता तर आम्हाला कळलंही नसतं. तिसरे म्हणजे आमचे वकील. पन्नाशीचे, ऑफिस साधंच, एक ज्युनियर मुलगी आणि एक क्लार्क. त्यांनी कागद बघितले, भावाला चालायला लावलं, टेम्पोची पॉलिसी कुठल्या तारखेपर्यंत आहे ते बघितलं, आणि मग स्वतःच्या लेटरहेडवर फी लिहून दिली. अर्ज दाखल करताना १५ हजार, पुराव्याचं अ‍ॅफिडेव्हिट झालं की १५, आर्ग्युमेंटच्या वेळी १५, आणि निकालानंतर रक्कम काढायच्या अर्जापर्यंत १०. खाली एक ओळ हाताने लिहिली होती, निकाल काहीही लागला तरी फी हीच, आणि हायकोर्टाचं अपील यात धरलेलं नाही. आणि कोर्ट फी, नकला, साक्षीदाराचा खर्च पक्षकाराने वेगळा करायचा. एवढ्या एका कागदावर पुढची सगळी वर्षं निभावली, एकदाही फीवरून बोलाचाली झाली नाही.

तुम्ही विचाराल ५५ हजार जास्त की कमी. आमच्याकडे ज्यांनी ठरावीक फी सांगितली ती साधारण तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या आसपासपर्यंत ऐकली, वकील किती जुना, केस जखमीची आहे का मृत्यूची, साक्षीदार किती यावर. जखमीच्या केसला उलट जास्त मेहनत असते कारण डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं आणि अपंगत्व किती यावर सगळी मारामारी असते. पुण्यामुंबईचे आकडे वेगळे असणार. पण आकडा कुठलाही असो, तो आधी ठरलेला आणि लिहिलेला पाहिजे.

वरच्या खर्चाचं लोक विचारतच नाहीत आणि तिथेच गळती लागते. कोर्ट फी सरकारी दराने आहे, दिवाणी दाव्याच्या मानाने कमी, आणि तिची पावती मिळते, ती मागून घ्या. पोलिसांचे कागद, म्हणजे एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, गाडीच्या तपासणीचा रिपोर्ट, पोलीस अपघाताची माहिती भरून देतात तो एए फॉर्म, यांच्या नकलांना पैसे लागले ते थोडे. सगळ्यात मोठा खर्च डॉक्टर. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला फेऱ्या झाल्या, सरकारी दाखल्याची फी मामुली, पण ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कोर्टात साक्षीला आणायचं तर त्यांची ओपीडी बुडते, त्याचे सहा हजार दिले. बाकी टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, वेल्फेअर स्टॅम्प. इथे एक गोष्ट नाही आवडली. क्लार्क मधेच अडीचशे द्या, पाचशे द्या असं करायचा, कशाचे विचारलं की कोर्टातल्या कामाचे म्हणायचा. मी वकिलांना थेट विचारलं, त्यानंतर बिनपावतीचे पैसे मागणं बंद झालं. पण विचारल्यावर बंद झालं, आपणहून नाही, म्हणून मी याचा अर्धा स्टार कापते.

आता काम कसं केलं ते. अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकला. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत परत आली आहे, हे खूप लोकांना माहीत नाही, जुन्या लोकांकडून ऐकलेलं असतं की क्लेमला मुदत नसते. त्यामुळे वकिलाचं ठरवायला वेळ लावू नका. आणि अपघात दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी तुम्ही राहता तिथल्या कोर्टात क्लेम टाकता येतो, तिकडचा वकील आणि तिकडच्या खेपा असला खर्च करायची गरज नाही. आमच्या शेजारच्यांनी मुलाचा अपघात कर्नाटकात झाला म्हणून तिकडे वकील लावला होता आणि दर तारखेला गाडीभाडं भरत होते, त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

वकिलांची खरी किंमत मला कळली ती डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी. दाखल्यावर लिहिलं होतं उजव्या पायाचं अपंगत्व ३५ टक्के. इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाने उलटतपासात डॉक्टरांना विचारलं, हे एका पायाचं आहे, पूर्ण शरीराचं धरलं तर किती, डॉक्टर म्हणाले साधारण बारा टक्के. मला वाटलं संपलं आता, बाराच धरणार. मग आमचे वकील उठले आणि परवानगी घेऊन डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, हा माणूस आठ तास उभा राहून, उकिडवं बसून, शिडीवर चढून काम करत होता, आता ते करू शकेल का. डॉक्टर म्हणाले उकिडवं बसता येणार नाही, शिडी टाळावी, बराच वेळ उभं राहिल्यास सूज येणार. बस्स. २०१० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात हेच आहे म्हणे, की दाखल्यावरचा टक्का आणि कमाई किती टक्क्यांनी कमी झाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एखाद्या कारकुनाला जो पाय चालेल तो वेल्डरला चालत नाही. ऑर्डरमधे कमाईचं नुकसान वीस टक्के धरलं. बारा आणि वीस यात किती फरक पडतो बघा.

हिशोब असा असतो, आणि तो मी इथे पूर्ण लिहिते कारण वकिलाला पैसे देताना हा हिशोब स्वतःला समजला पाहिजे. कोर्टाने भावाची कमाई महिन्याला १२ हजार धरली. खरं तर तो अठरा वीस कमवायचा, पण इन्कम टॅक्स रिटर्न भरलेलं नव्हतं, ऑर्डरी सगळ्या रोखीत. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवतात, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्याच दुसऱ्या एका निकालाने ठरलंय, म्हणजे २ लाख १ हजार ६००. याला वयाप्रमाणे आकड्याने गुणतात, ३१ ते ३५ वयाला १६, हा तक्ता २००९ च्या निकालातला. झाले ३२ लाख २५ हजार ६००. त्याचे वीस टक्के म्हणजे ६ लाख ४५ हजार १२०. बारा टक्के धरले असते तर ३ लाख ८७ हजार. म्हणजे एका प्रश्नाने अडीच लाखांचा फरक, वकिलांच्या सगळ्या फीच्या चौपटीहून जास्त. वीस टक्क्यांच्या त्या ६ लाख ४५ हजार १२० मधे हॉस्पिटलचे २ लाख ४० हजार, सहा महिने घरी बसला त्याचे ७२ हजार, आणि वेदना आणि त्रासाचे ७५ हजार, बेरीज १० लाख ३२ हजार १२०.

हॉस्पिटलची बिलं शेवटच्या रुपयापर्यंत मिळाली कारण प्रत्येक बिल ओरिजिनल होतं आणि ज्युनियर मुलीने तारखेप्रमाणे लावून प्रत्येकाला नंबर दिला होता. मेडिकलची पांढऱ्या चिठ्ठीवरची बिलं तिने आधीच बाजूला काढली आणि मला दुकानात पाठवून जीएसटी बिलं आणायला लावली. ही मुलगी फार कष्टाळू आहे. सिनियरनी केस जिंकून दिली असं सगळे म्हणतात पण निम्मं काम हिचं आहे, हे मी त्यांच्या ऑफिसमधे पण सांगितलं.

कमाईचा मुद्दा मात्र कमी पडला असं माझं मत आहे. माल घेतलेल्या स्टीलच्या दुकानदाराला किंवा एखाद्या गिऱ्हाइकाला साक्षीला आणलं असतं तर बाराचे पंधरा हजार धरले गेले असते असं मला वाटतं. मी सुचवलं होतं, वकील म्हणाले रिटर्न नाही तर फार फरक पडणार नाही. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण प्रयत्न करायला हवा होता. याचाही अर्धा स्टार.

फोन उचलत नाहीत ही तक्रार सगळ्या वकिलांबद्दल असते, यांच्याबद्दलही आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी केसचा सीएनआर नंबर लिहून दिला होता, तो १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सचं सरकारी अ‍ॅप फुकट आहे, त्यात नंबर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं सगळं दिसतं. तारीख सांगायचे पण पैसे घेणारे लोक आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ज्या वकिलाने सीएनआर नंबर द्यायला टाळाटाळ केली त्याच्याकडे केस ठेवू नये असं मी तर म्हणेन.

मधे लोक अदालतीचा विषय आला होता. कंपनीने सहा लाख देतो म्हणून सांगितलं, तेव्हा डॉक्टरांची साक्ष व्हायची होती. लोक अदालतीत तडजोड झाली की पैसे लवकर मिळतात, कोर्ट फी परत मिळते, पण पुढे अपील करता येत नाही, तो विषय कायमचा संपला. टक्केवारीवाला वकील अशा वेळी घ्या म्हणून मागे लागतो, कारण त्याचा हिस्सा लगेच सुटतो आणि पुढची मेहनत वाचते, हे मी दुसऱ्या दोन घरांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. आमचे वकील म्हणाले, निर्णय तुमचा, माझी फी दोन्हीकडे तीच आहे, पण डॉक्टरची साक्ष होऊ द्या असं माझं मत. ठरावीक फीचा हा फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता, की सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा हिशोब त्या सल्ल्यात नसतो.

ज्यांच्याकडे खरंच पैसे नाहीत त्यांनी टक्केवारीवाल्याकडे जायच्या आधी एक दार ठोठावावं, प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. बायका, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक, अपंग, कामगार आणि कमी उत्पन्न असलेले, यांना सरकार फुकट वकील देतं, कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही त्यात येतो. बाई अर्जदार असेल तर उत्पन्न किती हे बघतच नाहीत. नवरा गेलेल्या बाईला तर टक्केवारी देण्याची काही म्हणजे काही गरज नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींना असा वकील मिळाला, मुलगा तरुण होता, थोडा नवखा, पण तारखेला हजर असायचा आणि त्यांचा क्लेम नीट मंजूर झाला. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ असं काही नाही.

आणि धडक देऊन गाडी पळून गेली, नंबरच नाही, अशा केसला तर वकील लागतच नाही. त्याची वेगळी सरकारी योजना आहे, मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला जातो, मंजुरी कलेक्टरकडून. या पन्नास हजारांतले पंधरा हजार घेणारे एजंट आहेत. फॉर्म भरायला ओळखीतल्या कॉलेजच्या पोराला बसवा, तो भरेल.

अपीलचं सांगायचं राहिलं. ट्रिब्युनलचा, म्हणजे अपघाताचे क्लेम चालतात त्या कोर्टाचा निकाल लागल्यावर ९० दिवसांत हायकोर्टात जाता येतं, कंपनीही जाऊ शकते, आणि ती गेली तर तुम्हाला तिकडे वेगळा वकील लावावा लागतो. पूर्वी सांगलीच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठायला लागायची, हॉटेल, प्रवास, मुंबईची फी. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात आहेत, तेव्हा हा खर्च बराच आवाक्यात आला. आमच्या केसमधे कंपनी अपिलात गेली नाही, रक्कम कोर्टात भरली. तरी सुरुवातीच्या कागदावर अपील धरलं आहे की नाही हे लिहून घ्या, नंतर तिथेच वाद होतात.

पैसे हातात येतानाही एक खेच असते. रक्कम आता थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करायची असे सुप्रीम कोर्टाचे आदेश आहेत, त्यामुळे चेक वकिलाच्या हातात, मग तुम्ही त्याच्या ऑफिसात, असा प्रकार व्हायचं कारण नाही. भावाचं स्वतःचं राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं, पासबुकची झेरॉक्स, कॅन्सल चेक दिला. काही रक्कम कोर्टाने एफडीत ठेवायला सांगितली, उरलेली खात्यात आली. खात्यात आल्यावर मग आम्ही शेवटचे दहा हजार नेऊन दिले, त्यांनी पावती दिली. तुमच्याकडून कोणी आधीच सही केलेली विड्रॉवल स्लिप किंवा त्या खात्याचं चेकबुक मागत असेल तर त्या माणसाला काहीही देऊ नका, तो कितीही ओळखीतला असू दे, आणि तक्रार बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी करता येते.

एकूण मी त्यांना पाचपैकी चार देते. क्लार्कचा अर्धा आणि कमाईच्या साक्षीदाराचा अर्धा असा एक कापला. कोणी विचारलं तर मी याच ऑफिसात पाठवते आणि आत्तापर्यंत दोघांना पाठवलंय, दोघांनाही लेटरहेडवर फी लिहून मिळाली.

अजून एक चांगली गोष्ट म्हणजे केस संपल्यावर पूर्ण फाइल त्यांनी न मागता परत दिली, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, ऑपरेशन नोट्स, ऑर्डरची नक्कल, सगळं. फी बाकी आहे म्हणून सुद्धा वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच हे सांगितलंय, पण फाइलसाठी चकरा मारणारे कितीतरी लोक आम्हाला तिथे भेटले. आम्हाला ती लगेच लागली, कारण भावाचा रॉड काढायचा आहे आणि डॉक्टरांनी जुने एक्सरे मागितलेत.